खसखशीच्या फुलाचं नाव

चि. मनू,

परवा शाळेतून कोटाला युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीची लाल कागदी पॉपी लावून आलीस, तेव्हा मी अनारसे थापत होते. ताटातली खसखस बघून म्हणालीस, "आई, ही पॉपीचीच ना? मग तुमच्या मराठीत त्या फुलाला नावच कसं नाही?" तूप तापलंय म्हणून मी विषय टाळला. पण ते "तुमच्या मराठीत" रात्रभर टोचत राहिलं.

खरंय तुझं. बी म्हणजे खसखस, बोंडाला चिरा पाडून निघणारा चीक म्हणजे अफू, आणि फूल म्हणजे नुसतं 'अफूचं फूल'. मी तरी ते कुठे पाहिलं होतं? त्याची शेती सरकारी परवान्यावर, तीही लांब मंदसौर-नीमचकडे. तुझं लाल फूल त्याचं चुलत भावंड, पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या उखणलेल्या मातीत उगवलेलं.

आमच्या घरी दिवाळीच्या तांदळाचं पाणी तीन दिवस रोज बदलायचं काम माझं. आजी पिठाची गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची आणि न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवायची. एखादा तुपात विरघळून पसरला की म्हणायची, "हसला गं बाई!" तो चुरा आम्हा पोरांचा. चारचौघांत हशा झाला की 'खसखस पिकली' म्हणायची, तेही तिचंच. म्हणून मला त्या शब्दात अजून हसू ऐकू येतं. त्याच झाडाला लॅटिनमध्ये 'झोप आणणारं' म्हणतात, आणि संस्कृतात अफू म्हणजे अहिफेन, सापाचा फेस.

सगळं गोडच होतं असं नाही. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवायच्या, हे सांगताना आजीचा आवाज खाली जायचा. तेव्हा मी काही विचारलं नाही. तू विचारतेस, ते बरंच आहे.

पॉपी जरूर लाव. त्याच युद्धात, १९१५-१६ साली, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. त्यांच्यासाठीही लाव.

आणि अनारसे आवडत नसतील तर राहू देत, आग्रह नाही. एक हसलाय, तो वाटीत झाकून ठेवलाय.

तुझी,
आई