हसताना खाली बघणारा

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. शाळेत ज्याला पोरं त्रास देतात तो पोरगा तुझ्याशी काही बोलतच नाही, म्हणजे तूच कुठेतरी कमी पडतेयस, असं तुला वाटतंय. अगं, दोन आठवड्यांत कोण मन मोकळं करतं?

अशा मुलांना आधार द्यायच्या या कामात मी नवा होतो तेव्हा एका मुलाला मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "दुर्लक्ष कर, थांबतील आपोआप." त्याने मान डोलावली आणि पुन्हा काही माझ्याकडे फिरकला नाही. माझ्या सल्ल्याचा अर्थ त्याने बरोब्बर लावला होता: तुझं तू बघ.

तुझ्याकडच्या पोराची पाण्याची बाटली रोज लपवतात आणि तोही हसतो, म्हणून ती थट्टाच असेल, असं तू लिहिलंयस. मला नाही पटत. थट्टेत पाळी बदलते. इथे लपवणारे रोज तेच आणि शोधणाराही रोज तोच. बाटली सापडल्यावर झाकण लावताना त्याचे हात बघ, तोंड नको.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एक प्रयोग मांडला होता. कार्डावरच्या रेघांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले, की स्वच्छ दिसत असूनही माणसं सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच चुकीचं बोलायची. मग खरं बोलणारा एकच जण सोबत दिला, तर हे प्रमाण आधीच्या पाव हिश्श्यावर आलं. एकच जण!

म्हणून त्याला शूर करायच्या मागे लागू नकोस. त्याला सोबत शोध. तू नव्हे, मधल्या सुट्टीत तू तिथे नसतेस. त्या टोळक्यात हसताना खाली बघणारा एखादा असतोच. दबाव त्याच्यावरही आहे. त्याला एकट्याला गाठ. भाषण नको, "उद्या त्याच्या शेजारी बसशील?" एवढंच विचार.

"बाटली दे, तहान लागलीय," हे वाक्य मात्र ज्याची बाटली लपवतात त्याच्याकडून मोठ्याने, सपाट आवाजात दहादा म्हणवून घे. वेळेवर शब्द सुचत नाहीत, तोंडात बसलेले असावे लागतात.

आणि "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. मारहाण असेल किंवा तो स्वतःच्या जिवाबद्दल काही वेडंवाकडं बोलला, तर त्याच दिवशी शिक्षकांच्या कानावर घाल, आणि घालणार आहेस हे त्याला आधी सांग.

गुरुवारी भेटलीस की बाटलीचा विषय काढू नकोस. वहीच्या मागच्या पानावर तो विमानं काढतो म्हणालीस ना, ती बघायला माग.

तुझा,
दादा