आधी पूर्व भाग, मग जपान

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते, एका मराठी शाळेत सातवीला शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे 'जागतिक संस्कृती दिन' झाला, पोरांनी गालावर झेंडे रंगवले, किमोनो भाड्याने आणला, फोटो झाले, संपलं. नंतर परदेशातल्या एका वर्गाशी व्हिडिओ कॉल लावला तर पोरं गप्पच, एकाने पाठ केलेलं भाषण म्हटलं आणि बाकीचे नुसते हात हलवत बसले. इंग्रजीचीच बोंब आहे. हे नीट कसं करायचं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, पोरांचं काहीच चुकलं नाही. अनोळखी माणसाला कुणी एकदम 'तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा' म्हटलं तर तुम्ही आम्ही तरी काय बोलणार? मलाही ताजमहालच आठवेल, आणि तो तर सोलापुरात नाही.

आधी आपल्याच वर्गाकडे बघा. तुमच्याकडे घरी तेलुगू बोलणारी पोरं असतील, कन्नड, उर्दू बोलणारी असतील. वर्षभर एका बाकावर बसून एकमेकांच्या घरात काय चालतं हे त्यांना माहीत नसतं. मी एका वर्गाला एवढंच सांगितलं होतं की घरातला एक आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, एका पोराने यंत्रमागाची खटखट आणली, त्यात मधेच आई काहीतरी ओरडतेय तेलुगूत, आणि अख्खा वर्ग त्याच्या मागे लागला की ती काय म्हणाली सांग. (सूत तुटलं म्हणाली.) एक मुलगी हळूच म्हणाली, माझी आई विड्या वळते, त्याला आवाजच नसतो. अशा वेळी बरेच शिक्षक विषय बदलतात, तुम्ही बदलू नका, दिवसाला हजार विड्या कशा होतात ते तिला सांगू द्या.

हेच बाहेर पाठवायचं. लगेच लाइव्ह कॉल नको, आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग किंवा हाताने लिहिलेलं पत्र. सोबत सोलापुरी टॉवेल जाऊ द्या, हा कुणाच्या बाबांनी विणला ते लिहून. शेंगा चटणीच्या भानगडीत पडू नका, खायच्या वस्तू कस्टममध्ये अडकतात. आणि प्रश्न छोटे विचारायला लावा, म्हणजे तुमचा वर्ग कोण झाडतं, डब्यात काय असतं वगैरे. जपानच्या शाळांत पोरं स्वतः वर्ग साफ करतात, पांढरी टोपी आणि एप्रन घालून एकमेकांना जेवण वाढतात. हे बघितल्यावर आपली पोरं गप्प बसतील असं वाटतं तुम्हाला? इंग्रजीचं म्हणाल तर समोरचा वर्ग जपान, तुर्कस्तानसारख्या देशातला निवडा, त्यांचंही इंग्रजी आपल्यासारखंच अडखळत असतं, मग कुणी कुणाला हसत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे झालेलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतली तरुण पोरं ऑनलाइन एकमेकांशी जोडली. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली, मला तर हाच मोठा धडा वाटतो.

आणि एक दिवस पोरांना घेऊन भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात जा. 1910 साली इथेच जन्मले, 1938 ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं, आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. हे सांगून झालं की पोरांना विचारा, तुम्ही असं जोडनाव काय ठेवाल? बघा काय काय भन्नाट नावं येतात.

दोन पथ्यं मात्र पाळा. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि पोरांचे नंबर, पत्ते कुठेही जाऊ देऊ नका, सगळं तुमच्या किंवा शाळेच्या अकाउंटवरून.

कॉल करायचाच तर महिनाभर पत्रं झाल्यावर करा, आणि घड्याळ बघून. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तुमची शाळा सकाळची असेल तर पावणेनऊला लावा, तिथे सव्वाबारा, वाढप चालू असायची वेळ. वायफाय दगा देतंच, कुणाचातरी हॉटस्पॉट तयार ठेवा.