परतीच्या विमानाचा दावा: ऑगस्टपासून नाही, नोव्हेंबरपासून मोजा

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की भरपाईला एअरलाईनचा फायनल नकार ऑगस्ट 2025 मध्ये आला, म्हणजे दावा दाखल करायला तिथून दोन वर्षं हातात आहेत, दिवाळी उरकली की निवांत वकील बघू. कृपा करून असं करू नका. तुमचं विमान अहमदाबादला 22 नोव्हेंबर 2023 ला उतरायला हवं होतं आणि तुमची दोन वर्षं त्या दिवसापासून चालू झालीयेत. दसरा झाला, ऑक्टोबर लागला, म्हणजे तुमच्याकडे दीड महिना उरलाय आणि त्यातच दिवाळीची सुट्टी आहे.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. बडोद्याचं कुटुंब, 2023 ची दिवाळी झाल्यावर बालीला गेलेलं, सोबत 78 वर्षांच्या सासूबाई. परतताना बालीहून निघालेलं विमान चार तास लेट, क्वालालंपूरला पुढचं अहमदाबादचं विमान निघून गेलेलं, काउंटरवर सांगितलं की दोन दिवसांनी जागा मिळेल. हॉटेल नाही, जेवणाचं कूपन नाही, सासूबाईंची इन्सुलिन चेक-इन बॅगेत. रात्र खुर्च्यांवर काढून दुसऱ्या दिवशी 1 लाख 14 हजाराची नवी तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढून मुंबईला उतरले आणि तिथून गाडी करून घरी. बॅगा नऊ दिवसांनी अहमदाबादला आल्या, एकीचं चाक तुटलेलं आणि आतलं सामान ओलं. एअरलाईनला पहिला ईमेल 14 डिसेंबरला, आणि मग पावणेदोन वर्षं नुसती ईमेलबाजी. गावं आणि रकमा बदलल्या तर अशी पत्रं मला सतत येतात.

आता कायदा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला आपल्याकडे 1972 चा कॅरेज बाय एअर ॲक्ट लागतो, आणि 1999 चं मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन भारताने 2009 मध्ये स्वीकारलं तेव्हापासून ते या कायद्याचं तिसरं परिशिष्ट आहे. त्यातला नियम 35 तुमचं सगळं प्रकरण ठरवतो. तो म्हणतो की विमान पोचलं ती तारीख, किंवा पोचायला हवं होतं ती तारीख, किंवा प्रवास थांबला ती तारीख, यापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर नुकसानभरपाईचा हक्कच संपतो. हक्क संपतो, हे शब्द नीट वाचा. साध्या मुदतीत हक्क शिल्लक राहतो, फक्त कोर्टाचं दार बंद होतं, आणि उशिराला योग्य कारण असेल तर काही प्रकरणांत ते दार पुन्हा उघडून मागता येतं. इथे मागायला काही उरतच नाही. एअरलाईनने नकार कधी कळवला याचा त्या नियमात उल्लेखसुद्धा नाही.

तुमच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलंय की ग्राहक आयोगात उशीर माफ होतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 मध्ये तशी सोय आहे हे खरं, पण या प्रकारच्या दाव्यात तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने भगवानदास रामचंदानी विरुद्ध ब्रिटिश एअरवेज या खटल्यात सांगितलं की विमानवाहतुकीच्या या दोन वर्षांना 1963 चा मुदत कायदा लागूच होत नाही. तो खटला प्रवाशांचा नव्हता, माल पाठवण्याचा होता, पण हक्क संपतो हे शब्द तिथेही तेच. म्हणजे एअरलाईनने एखाद्या ईमेलमध्ये चूक अर्धीमुर्धी कबूल केली असेल तर तिथून मुदत नव्याने मोजू, ही पळवाटही बंद.

आणि इथेच मला राग येतो, तुमच्यावर थोडा आणि त्या कस्टमर केअरवर जास्त. "आपली तक्रार विचाराधीन आहे" हे उत्तर तुम्हाला पावणेदोन वर्षं येत राहिलं आणि दर वेळी तुम्ही "कृपया लवकर बघा" लिहून गप्प बसलात. मार्च 2024 मध्ये त्यांनी 200 डॉलरचं व्हाउचर देऊ केलं, तेव्हाच कळायला हवं होतं की बोलणी इथवरच आहेत. ईमेलने घड्याळ थांबत नाही, व्हाउचरच्या ऑफरने थांबत नाही, वकिलाच्या नोटीशीनेही थांबत नाही. नोटीस पाठवा, हरकत नाही, पण उत्तराची वाट बघत 30 दिवस घालवू नका, ग्राहक आयोगात जायला आधी नोटीस द्यायची सक्ती नाही. ते व्हाउचर अजून उघडं असेल तर त्याला हात लावू नका, कारण त्याच्या अटींमध्ये बहुतेक वेळा "पूर्ण आणि अंतिम तडजोड" असं लिहिलेलं असतं.

मग नक्की कधीपर्यंत? 22 नोव्हेंबर 2025 ला शनिवार येतो. शेवटचा दिवस 21 की 22, शनिवार आला तर सोमवारी चालेल का, यावर वाद घालता येतो, पण तो वाद तुमच्या प्रकरणात कशाला? दिवाळीनंतर लाभपाचमेला ऑफिसं उघडतील, मग कागद जमवू, असंही नको. कागद आत्ता जमवा आणि तक्रार ऑक्टोबरच्या आत दाखल करा. आयोग त्यावर किती वर्षं घेईल हा वेगळाच विषय आहे. अशा तक्रारीत समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा असं कायद्यात आहे आणि तसं क्वचित होतं, तारखांवर तारखा पडतात, म्हातारी माणसं वाट बघत राहतात, हे मला फार लागतं. पण ते आपल्या हातात नाही, दाखल करणं आहे.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही लिहिलेलीच नाही. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर होती की वेगवेगळ्या? तिकिटं एजंटने काढून दिली एवढंच लिहिलंय. एकच बुकिंग असेल तर क्वालालंपूरचं कनेक्शन चुकणं ही एअरलाईनची जबाबदारी, नियम 19 खाली विलंबाची भरपाई, आणि उशीर टाळायला शक्य ते सगळं केलं हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर. "तांत्रिक कारण" असा एका ओळीचा मेसेज त्याला पुरत नाही. पण एजंटने स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली असतील तर दुसरं विमान म्हणणार की प्रवासी आलेच नाहीत, आणि पहिलं म्हणणार की पुढच्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. तेव्हा 1 लाख 14 हजारासाठी भांडण मुख्यतः एजंटशी होईल, की त्याने ही जोखीम तुम्हाला सांगितली होती का. बॅगेचा टॅग ठेवला असेल तर बघा, त्यावर शेवटचं ठिकाण अहमदाबाद असेल तर तुमची बाजू बरीच मजबूत आहे. मी म्हणेन एअरलाईन आणि एजंट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, कोण सुटतं ते आयोग बघेल.

बॅगांचं दोन भागांत बघावं लागेल. नियम 31 प्रमाणे सामान खराब झालं तर ताब्यात मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार लागते, आणि उशिरा मिळालं तर 21 दिवसांत. तुम्हाला बॅगा 1 डिसेंबरला मिळाल्या, ईमेल 14 ला गेला. म्हणजे उशिराची तक्रार वेळेत आहे, तुटलेल्या चाकाची आणि भिजलेल्या साड्यांची नाही. तेरा दिवस कुठे गेले, तर घरात लग्न होतं म्हणता. एक ईमेल लिहायला लग्न आड येत नाही, ताई. बॅगा घेताना अहमदाबादला काउंटरवर पीआयआर फॉर्म (सामानाच्या तक्रारीचा एअरलाईनचा फॉर्म) भरून त्यात तुटल्याचं लिहून घेतलं असेल तर तोच लेखी तक्रार धरावा असं म्हणता येईल, मिळेलच असं नाही. तो फॉर्म शोधा. नसेल तर चाकाचा नाद सोडा आणि नऊ दिवस बॅगा नव्हत्या म्हणून जे विकत घ्यावं लागलं, औषधं, इन्सुलिन, कपडे, त्याची बिलं लावा.

इंडोनेशियाच्या नियमांची चिंता तुम्हाला नको. तुमचा प्रवास राउंड ट्रिप होता, अहमदाबादहून निघून अहमदाबादलाच संपणारा, म्हणून निघायचं आणि पोचायचं ठिकाण दोन्ही भारतच धरलं जातं, मध्ये बाली आणि क्वालालंपूर आलं तरी. हे एकाच तिकिटाबद्दल, तिकिटं तुकड्यातुकड्यांत असतील तर पुन्हा वरचाच प्रश्न येतो.

पैशांचं सांगते, पण आकड्यावर स्वप्नं बांधू नका. सामानाच्या उशिराला आणि नुकसानाला तुमच्या प्रवासाच्या वेळी कन्व्हेन्शनची कमाल मर्यादा माणशी 1,288 एसडीआर होती, प्रवाशाच्या विलंबाला 5,346 एसडीआर. एसडीआर म्हणजे आयएमएफचं हिशेबाचं एकक, सव्वा डॉलरहून थोडं जास्त. ही कमाल मर्यादा आहे, मिळणारी रक्कम नाही. जेवढं नुकसान कागदावर दाखवाल तेवढंच. नवी तिकिटं, मुंबईहून गाडी, रात्रीचं खाणंपिणं, औषधं, हे मागा. मानसिक त्रासाचे तुम्ही पाच लाख लिहिलेत, त्यावर मी आत्ता काही बोलत नाही, आयोग काही रक्कम देतात, कन्व्हेन्शनखाली ती कितपत बसते यावर एअरलाईनचे वकील भांडतात. सासूबाईंचं वय, डायबिटीस आणि बॅगेतली इन्सुलिन हे मात्र तारखा-वेळांसकट सविस्तर लिहा, डॉक्टरांचं जुनं प्रिस्क्रिप्शन लावा. 78 वर्षांच्या बाईला रात्रभर औषधाशिवाय खुर्चीवर बसवणं ही किरकोळ गोष्ट नाही आणि आयोगासमोर ती तशी मांडलीही जाऊ नये.

दाखल कुठे करायची, तर बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, एअरलाईनचं ऑफिस दिल्लीत किंवा परदेशात असलं तरी. ते अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतील, घेऊ द्या. तिकिटांची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या भरता येते, पण दाखल झाल्याचा नंबर आणि तारीख हातात येईपर्यंत समाधान मानू नका, ड्राफ्ट सेव्ह करून ठेवणं म्हणजे दाखल करणं नव्हे. ईमेलचे प्रिंट, कार्डाचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे एजंटचे मेसेज हे सगळं इलेक्ट्रॉनिक पुराव्यात येतं, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा म्हणजे पुढे वाद नको. बोर्डिंग पास फेकून दिले म्हणता. मग एअरलाईनकडे प्रवास केल्याचा दाखला आजच मागा आणि पासपोर्टवरचे शिक्के झेरॉक्स करा. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता का, तेही तुम्ही लिहिलं नाही. असेल तर पॉलिसी काढून विलंबाचं आणि बॅगेचं कलम वाचा, तिथल्या मुदती अजून वेगळ्या असतात.

आणि तुमचे दीर-जाऊ त्याच विमानात होते पण त्यांचं बुकिंग स्वतंत्र होतं असं लिहिलंय. त्यांची तारीखसुद्धा तीच, 22 नोव्हेंबर. तुम्ही दाखल केलं म्हणजे त्यांचंही झालं असं होत नाही, त्यांना आजच फोन करा आणि त्यांच्या नावाने वेगळी तक्रार द्यायला सांगा.