मालवणात पहिल्यांदा स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करताय?

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं. सकाळी लवकर जा. वारा वाढला की पाणी गढूळ होतं. मास्क किनाऱ्यावरच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तरच घ्या. कडेखाली एक केस अडकला तरी पाणी शिरतं. पट्टा करकचून आवळू नका, कड वाकडी होऊन उलट जास्त गळतं. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकून बाहेर काढा, पण उभं राहू नका. पायाखाली प्रवाळ आहेत, दगड नव्हेत, जिवंत प्राणी! लाथेने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला कित्येक वर्षं जातात. मासे जमवायला कुणी पाव टाकू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा.