ब्रॉडवे म्युझिकलचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीत नाटकाचा, इतिहास विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात कुठून करावी?

सनावळीपासून तर नकोच. आधी १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'ची सुरुवात दाखवा: रंगमंचावर लोणी काढत बसलेली एक बाई आणि विंगेतून येणारा नायकाचा गाण्याचा आवाज. एरवी पडदा उघडला की नाचणाऱ्या मुलींचा ताफा दिसायचा, हे सांगितलं की या साधेपणातलं धाडस मुलांना लगेच कळतं. मग विचारा, हे गाणं काढून टाकलं तर काय बिघडेल? माझ्या वर्गात यावर अख्खा तास रंगतो.

तिथून मागे १९२७ च्या 'शो बोट'कडे जा. दोन्हींच्या संहिता ऑस्कर हॅमरस्टाइनच्याच. पुढे त्याचा शिष्य, संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइम. आणि हो, मिन्स्ट्रेल शोमधला (गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे ते जुने अमेरिकन खेळ) वर्णद्वेष अवघड वाटला तरी वगळू नका.