दाढ ठणकते, पण खुर्चीत बसवत नाही

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची, सांगलीची. गेल्या महिन्यात दाढ ठणकत होती म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला, डॉक्टरांचा हात तोंडाशी आला आणि माझे हातपाय गार पडले. उठून पळत सुटले, चपलासुद्धा तिथंच राहिल्या. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. पण 13 वर्षांपूर्वी, पुण्यात पहिल्या नोकरीत असताना, ओळखीतल्या एकानं माझ्यावर बळजबरी केली होती. तेव्हा त्यानं तोंड दाबलं होतं. हात काढल्यावरही मी ओरडले नाही, नुसती पडून राहिले. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणजे मीच होऊ दिलं का? आणि इतक्या वर्षांनी हे वर का आलं?

उत्तर : चपला मागवून घेतल्यात ना?

तुमचा पहिला प्रश्न आधी घेते, दाढेपेक्षा जास्त तोच ठणकतोय. नाही, तुम्ही होऊ दिलं नाहीत. जिवावर बेतलं की शरीर आपल्याला विचारत बसत नाही. पळणं आणि झुंजणं सगळ्यांना ठाऊक असतं. थिजणं हा तिसरा प्रकार. मांजराच्या तोंडातलं कबुतर निपचित पडतं, तसं. हात जड होतात, घशातून आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे.

हे समजायला आपल्याकडे फार उशीर झाला. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणून तिनं विरोध केल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मानलं नाही आणि 1978 मध्ये आरोपी असलेले दोन्ही पोलीस सुटले. दिल्ली-पुण्याच्या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीत तर स्पष्टच आलं की, केवळ शारीरिक विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही.

न्यायाधीशांना कशाला बोल लावू? या कामाच्या पहिल्या वर्षी मीच एका मुलीला विचारलं होतं, "ओरडली का नाहीस?" ती पुन्हा आली नाही.

आता, आजच का? अशी आठवण सलग गोष्टीसारखी साठत नाही, तुकड्यांनी राहते. आडवं होणं, तोंडावरचा हात, वरून झुकलेला माणूस. त्या खुर्चीत हे तुकडे एकदम जुळले आणि शरीरानं धोक्याची घंटा वाजवली. तुम्ही वेड्या होत नाही आहात.

दाढ मात्र थांबणार नाही. डॉक्टरांना सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "आडवं झालं की मला घाबरायला होतं," एवढं पुरे. खुर्ची अर्धीच झुकवायची, तुम्ही डावा हात वर केला की त्यांनी लगेच थांबायचं, हे आधी ठरवा. पहिल्या दिवशी फक्त आरसा घालून बघू द्या आणि एकदा विनाकारण हात वर करून पाहा, ते थांबतात का. त्या वेळी त्यानं तुम्हाला थांबवू दिलं नव्हतं. आता तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर माणूस थांबतो, हे शरीराला कळायला हवं. पुस्तकं वाचून ते कळत नाही.

समुपदेशकाकडे जाच. त्यांना आघातावरच्या उपचारांचा, म्हणजे सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) किंवा ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं जुनी आठवण हाताळणारी पद्धत), अनुभव आहे का, हे बेलाशक विचारा. चांगला माणूस पहिल्याच दिवशी सगळं बोलायला लावत नाही. आधी झोप, श्वास, घाबरल्यावर सावरणं. जवळपास कुणी सापडेपर्यंत मानसिक आरोग्यासाठी सरकारचा टेली-मानस हा मदतीचा फोन क्रमांक 14416 आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

नवऱ्याला सांगायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. घाई नको, आणि भांडणात तर मुळीच नको. सांगावंसं वाटलं तर दाढेपासून सुरुवात करता येईल. आणि बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून तिथंच थांबते.

दाढेचं काय झालं, ते कळवा.