‘पाणी’ शोधलं, ‘पाण्याची टाकी’ सापडेना

प्रश्न: मी कळव्यातल्या आमच्या सोसायटीचा सचिव. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने सोसायटीच्या जुन्या नोटिसांसाठी सर्च बनवत बसलीय. ‘पाणी’ टाइप केलं तर ‘पाण्याची टाकी धुणार’ ही नोटीस येतच नाही! हे काम गूगलने कधीच करून ठेवलंय ना? त्यापेक्षा दीड लाखाचा एआयचा कोर्स लावू का?

उत्तर: नमस्कार. दीड लाख तूर्त बँकेतच असू द्या.

तुम्ही जी तक्रार केलीत, तीच तिच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. सर्च म्हणजे मुळात पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: शब्द, आणि तो कोणकोणत्या नोटिशीत आलाय त्यांचे क्रमांक. कॉम्प्युटरला ‘पाणी’ आणि ‘पाण्याची’ हे दोन परके शब्द. प्रत्यय छाटला तरी ‘पाण्या’ उरतं. शाळेत कंटाळून शिकलेलं सामान्यरूप इथे आडवं येतं. सरसकट छाटावं तर ‘गावात’चं ‘गाव’ होतं खरं, पण ‘वरात’चा नुसता ‘वर’ उरतो! भर म्हणजे ‘पायऱ्या’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या सांकेतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना एकच, सूचीत दोन. हे तिने स्वतः सोडवलं, तर मुलाखतीत अर्धा तास बोलायला पुरेल.

पुढे प्रश्न येतो, आधी कोणती नोटीस दाखवायची? दुर्मिळ शब्दाला जास्त वजन द्यावं, हा विचार ब्रिटिश संगणक-संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडला. निकालांचा क्रम लावायला आजही सर्रास वापरात असलेल्या बीएम25 सूत्रात तो आहे. ‘सभासद’ प्रत्येक नोटिशीत येतो, ‘गळती’ क्वचित. म्हणून ‘गळती’चं पारडं जड.

सूची आधी तिने पायथनमध्ये हाताने बांधावी, मग एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली एफटीएस5 ही शोधाची सोय वापरावी. इलास्टिकसर्च हे तयार सर्च सॉफ्टवेअर नंतर, तिथे बरंचसं आयतं मिळतं, आत काय चाललंय ते कळत नाही. ते ज्यावर उभं आहे ते ल्युसीन हे सॉफ्टवेअर डग कटिंग यांनी लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचा कोड फुकट वाचता येतो.

एआयचं म्हणाल, तर कंपनीच्या कागदपत्रांवरून उत्तरं देणारे चॅटबॉट बहुतेकदा आधी शोधतात, मग बोलतात. चुकीचा कागद हाती आला की उत्तरही चुकतं. म्हणजे ती एआयच्या वाटेवरच आहे. मात्र ‘सर्च इंजिनीअर’ या नावाने फ्रेशरला जागा फारशा निघत नाहीत. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत तिने बॅकएंडच्या (पडद्यामागच्या सर्व्हर-डेटाबेसच्या कामाच्या) इंटर्नशिपला अर्ज करावा आणि हा प्रोजेक्ट दाखवावा.

फक्त, तो गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दिसेल अशा साइटवर, चढवण्याआधी नोटिसांमधली थकबाकीदारांची नावं काढायला लावा. सचिव तुम्ही आहात, सभेत जाब तुम्हालाच विचारतील.